रांजणाचा तळ

नितळ पाणी बघितलं की लोकांना बरं वाटतं. मला धास्ती वाटते. कुणाच्या घरी गेले आणि पेल्यात पाणी पुढं आलं, तर आधी वास घेते, मग घोट. समोरची बाई मनातल्या मनात शिव्या घालत असेल. घालू दे. मी जन्माचीच फटकळ, त्यात ही एक खोड वाढली. पण ज्या उन्हाळ्यानं ती लावली, तो उन्हाळा त्या बाईच्या घरात शिरला नव्हता, माझ्या घरात शिरला होता.

आमची वाडी मांजरसुंब्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा बघायला लोक लांबून गाड्या करून येतात, पाण्यात उभं राहून फोटो काढतात. होळी झाली की त्याच डोंगरातल्या आमच्या वाडीला टँकर लागतो. टँकरवाला येतो, गावच्या विहिरीत पाणी सोडतो आणि निघून जातो. पाणी वरून धो-धो पडतं, तळाचा सगळा गाळ वर येतो आणि बाया पोहरे घेऊन तुटून पडलेल्या असतात. गाळ बसायला कोण थांबतंय? थांबली ती रिकाम्या घागरीनं घरी. त्यामुळं आमच्या घागरीत येतं ते पाणी रंगानं चहासारखं, आणि खाली बोटभर चिखल.

घरात आम्ही दोघी जावा. पुरुष माणसं उन्हाळ्यात मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेलेली असतात. तिकडचे शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, त्यांच्या रानाला खत होतं, आमच्या मेंढरांना चारा-पाणी मिळतं. ते परत येतात पाऊस पडल्यावर. तोवर घर, मागं राहिलेल्या लंगड्या मेंढ्या, कोकरं आणि पाणी, सगळं आमच्या दोघींच्या जिवावर. थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. मी विहिरीवरून पाणी आणायचं आणि अक्कानं ते सांभाळायचं, अशी वाटणी माझ्या लग्नापासूनची.

सांभाळायचं कशात, तर रांजणात. ओसरीच्या कोपऱ्यात माझ्या कमरेएवढा मातीचा रांजण आहे. त्याच्याबाबत अक्काचा एकच नेम. रांजणाचा तळ दिसू द्यायचा नाही. थोडं पाणी उरलेलं असतानाच वरून नवं ओतायचं, पाण्यावर पाणी. वाडीतल्या बाकीच्या घरांतही असंच करतात, कारण आमच्याकडं शिळं पाणी फेकणारी बाई म्हणजे कुळबुडवी. पण अक्काचं कारण वेगळं होतं. तरुणपणी, एका दुष्काळात, तिचं पहिलं लेकरू हगवणीनं आजारी पडलं. रांजण कोरडा ठणठणीत. ही घागर घेऊन डोंगर उतरून गेली, पाणी घेऊन वर आली, तर लेकरू थंड पडलेलं. पाणी मागत मागत गेलं, असं सासूबाईंनी सांगितलं. तिला पुन्हा मूल झालं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, काम करता करता ही बाई मध्येच उठते, झाकण उचलते, आत बघते, झाकण ठेवते आणि मगच तिचा जीव भांड्यात पडतो.

माझी एकुलती एक लेक तिनंच वाढवली. लेक तिला मोठी आई म्हणते आणि मला नुसतं आई. मला कधी राग येतो, कधी हसू येतं.

तर त्या उन्हाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर चकलांब्याकडं. बीडला कॉलेजात विज्ञान शिकलेली पोरगी, आल्या आल्या घागरीत डोकावली आणि नाक मुरडलं.

"आई, हे असलं पाणी पिता तुमी?"

"मग काय करू? टँकरवाल्याला सांगू, बाबा, आमची राजकन्या आलीय, गाळून सोड?"

अक्का तुरटी फिरवायची. गाळ खाली बसायचा, पण पाण्याला तुरट चव यायची आणि लेकीला त्या चवीनंच मळमळायचं. दोन घोट प्यायची, तोंड पुसायची, तांब्या बाजूला सारायची. पोटुशी बाई पाणी प्यायली नाही तर कसं व्हायचं? अक्का तिच्यामागं तांब्या घेऊन हिंडायची.

मग एके दिवशी लेकीनं अंगणातल्या शेवग्याकडं बोट केलं. झाडावर शेंगा वाळून तडकल्या होत्या. म्हणाली, ते बी काढून दे. मी म्हटलं, भाजी करणार का पेरणार? तर म्हणे, पाण्यात घालणार. कॉलेजात त्यांनी करून बघितलं होतं. बियांचं टरफल काढायचं, आतला पांढरा गर खलबत्त्यात कुटायचा, तांब्याभर पाण्यात घुसळून फडक्यानं गाळायचा. ते दुधट पाणी गढूळ घागरीत ओतायचं आणि पळीनं आधी जोरात, मग सावकाश ढवळत राहायचं. नंतर हात लावायचा नाही. गाळाचे गोळे होतात आणि आपोआप खाली बसतात.

एवढ्यावर थांबली असती तर ती माझी लेक कसली! तिनं बुडाला भोक असलेला जुना माठ मागितला. त्यात खाली घोसाळ्याची वाळलेली जाळी, त्यावर कोळशाचा चुरा, त्यावर धुतलेली वाळू. कोळसासुद्धा आपल्या चुलीतला नको, उसाच्या चिपाडाचा पाहिजे. मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर जाऊन रसवंतीवाल्याकडनं पोतंभर चिपाड आणलं. तो म्हणाला, "मावशी, शेरडाला का?" मी म्हटलं, "न्हाई, पाण्याला." तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. आता त्याला काय समजावून सांगू, मलाच समजलं नव्हतं. लेकीनं ते चिपाड उन्हात वाळवलं, झाकणाच्या डब्यात कोंडून चुलीत जाळलं आणि त्याचा काळा भुरभुरीत कोळसा केला.

संध्याकाळी त्या माठाखालून पाण्याची धार लागली. अक्का खाली वाकून बघत होती. घागर भरली तशी म्हणाली, "अगं बाई, माजं तोंड दिसतंय की गं यात!" आणि खरंच दिसत होतं. वाडीतल्या बाया बघायला आल्या. कुणी चाखून बघितलं, कुणी नुसतं हात बुडवून बघितलं. अक्का सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या पोरीनं केलंय. टिकलीएवढं बी, पर घागर निवळती." त्या दिवशी मी तिला जितकी खूश बघितली तितकी त्याआधी कधी बघितली नव्हती.

लेक मात्र पुन्हा पुन्हा बजावत होती. "आई, मोठी आई, दोघीबी ध्यान देऊन ऐका. यात प्लास्टिक न्हाई, विकतचं काय न्हाई, काम झालं की सगळं उकिरड्यावर. पर कुजणारं हाय, म्हणून वेळेत बदलायचं. आजचं पाणी आजच संपवायचं. घोसाळ्याची जाळी दर आठवड्याला नवी. भांडं रोज रिकामं करून घासायचं. आन प्यायचं ते उकळूनच. बी गाळ काढतं, रोग सगळा काढत न्हाई."

रिकामं म्हटल्याबरोबर अक्काचा हात रांजणाच्या झाकणावर गेला. मी बघितलं. लेकीनंही बघितलं. पण ती स्वतःच करत होती तोवर वेगळी घागर ठेवायची, रोजची रोज संपवायची, रांजणाला हात लावायची नाही. त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही.

मग ती बाळंत झाली. मुलगी. काळीभोर जावळ, मूठ घट्ट मिटलेली, आणि आवाज असा की मेंढ्या बुजायच्या. अक्कानं तिला पहिल्यांदा पायावर घेऊन न्हाऊ घातलं तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. मी नुसतं पाणी घालत राहिले. बोलले असते तर आम्ही दोघी रडत बसलो असतो आणि पोरगी गार पाण्यात.

आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिना आतल्या खोलीत असते. बाजेखाली शेगडी, ओव्याची, शेपाची धुरी, कानाला फडकं. तिनं पाण्याला शिवायचं नाही, चुलीपाशी यायचं नाही. लेक आत गेली आणि पाण्याचं काम अक्काकडं आलं. बी कुटायला ती आनंदानं बसायची. सगळं लेकीनं दाखवलं तसंच करायची, एक सोडून. निवळलेलं पाणी ती रांजणात ओतू लागली. तुरटीचं पाणी इतकी वर्षं रांजणात राहायचं, मग हे तर त्याच्याहून चांगलं पाणी, ते घागरीत कशाला? आणि रांजणात गेलं म्हणजे नेम आलाच. पाण्यावर पाणी.

आतून लेक विचारायची, "मोठी आई, रांजण घासला का?"

"व्हय गं, व्हय. तू पड बरं."

"जाळी बदलली का?"

"बदलती की. तुला कावून एवढी काळजी?"

मी पहाटेपासून विहिरीवर, तिथून कोकरांमागं, घरी आले की एक तांब्या घटाघटा ओतायचा आणि पुन्हा निघायचं. तांब्यात पाणी नितळ होतं. तेवढंच दिसत होतं. लेकीला ओवा घालून उकळलेलं पाणी जायचं, त्यामुळं तिला काही कळलं नाही. आणि तिच्या खोलीत धुराचा इतका वास की दुसरा वास यायला जागाच नव्हती.

पोरीला मात्र रोज गुटी. मुरडशेंग, हिरडा, वेखंड सहाणेवर उगाळून बोटानं चाटवायची. माझ्या लेकीला दिली, मला दिली, आमच्याकडं सगळ्यांनाच देतात. अक्का ती उगाळायला रांजणातलं पाणी घ्यायची, उकळायची नाही. एवढ्या निर्मळ पाण्याला जळण कशाला घालवायचं? बाळासाठी म्हणून घरातलं सगळ्यात चांगलं पाणी ती बाजूला काढून ठेवत होती. यात कुठं वाईट बुद्धी शोधू?

त्यात टँकर बंद पडला. बिघडला म्हणे. विहिरीच्या तळाशी जे उरलं होतं ते आम्ही बाया भांडून-भांडून काढत होतो. त्या सकाळीच समोरच्या घरातल्या शेजारणीशी माझं पोहऱ्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं, अगदी एकमेकींच्या माहेरापर्यंत. घरी आले तर अक्का म्हणाली, "असू दे, आपल्या रांजणात हाय." खरंच होतं. अख्ख्या वाडीत भरलेला रांजण आमचाच.

पोरीला जुलाब सुरू झाले तेव्हा आधी वाटलं, लहान लेकराला होतंच. अक्कानं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, ठसका लागला नाही म्हणून म्हणाली, नजर लई जबर हाय. पुन्हा गुटी दिली, या खेपेला थोडी जास्त. दुपारपर्यंत पोरगी दुधाला तोंड लावेना. आवाज बारीक झाला. मेंढ्या बुजवणारा आवाज, तो कण्हल्यासारखा झाला. लेकीनं मला आत बोलावलं आणि पोरीच्या टाळूवर माझं बोट ठेवलं. टाळू आत गेली होती. अंगातलं पाणी आटलं की जाते तशी.

आमच्या वाडीत आरोग्य खात्याचं काम बघणारी आशाताई आहे. मी अनवाणीच पळत गेले, पाय भाजले तेही नंतर कळलं. ती आली, पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, कातडी तशीच उभी राहिली. आशाताईनं दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. गाडी वर वाडीत येत नाही, खाली रस्त्याला येते. पिशवीतनं पुडी काढून म्हणाली, "गाडी येईस्तोवर बसू नका. ही पुडी उकळलेल्या पाण्यात घाला, निवलं की चमच्या-चमच्यानं पाजा. दूध वढत असंल तर तेबी पाजा. पाणी आणा लवकर."

मी तांब्या घेऊन रांजणाकडं धावले. अक्का आधीच तिथं होती. झाकण काढून, तांब्या भरून तिनं माझ्या हातात दिला. "घे. नितळ हाय, उकळत बसू नको, वेळ कावून घालवायचा? लेकरू सुकलंय."

तेवढ्यात लेक बाहेर आली. कानाचं फडकं सुटलेलं, केस मोकळे, उंबऱ्याला धरून उभी. अक्का ओरडली, "आत जा! वारं लागंल!" तिनं ऐकलं नाही. माझ्या हातातला तांब्या घेतला आणि नाकाशी धरला. मग मीही वाकले. धुराच्या खोलीतनं बाहेर आलेल्या तिच्या नाकाला जे आलं ते मग मलाही आलं. सडलेल्या शेंगेचा वास. मोठ्या पोटाला सोसलं म्हणून इतके दिवस घटाघटा प्यायले, वास घ्यायला कधी थांबले नव्हते.

लेकीनं रांजणात खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना पांढुरका-हिरवा चिकट थर लागला होता, लोंबत होता. वर तोंड दिसेल असं पाणी आणि खाली हे.

"मोठी आई, रांजण घासला न्हाई तू."

अक्कानं झाकण परत रांजणावर ठेवलं.

"एकदाबी न्हाई?"

"तळ दिसला असता," अक्का म्हणाली.

"हे पाणी पोरीच्या तोंडात घालायचं न्हाई. उकळून न्हाई, कसंच न्हाई. आई, उपडा कर रांजण."

अक्कानं रांजणाला दोन्ही हातांनी कवळ घातली. एवढीशी बाई, वाळलेली, पण मी ओढलं तरी हलेना. "न्हाई! घरात लेकरू आजारी हाय आन रांजण रिकामा करता? टँकर न्हाई, आडात थेंब न्हाई. मी जित्ती असंपातूर न्हाई होऊ देणार. मी बघितलंय रिकामा रांजण. तुमी न्हाई बघितला!"

लेक अगदी हळू आवाजात बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मोठी आई, तुजं लेकरू पाणी न्हाई म्हणून गेलं. माजं या पाण्यानं जाईल."

अक्काचे हात सुटले. ती भिंतीला टेकून खाली बसली. मी तर त्याहून वाईट बोलले. तुमच्याच हातानं पाजलंत, म्हणाले. बोलले ते बोलले. समोर नात डोळे पांढरे करत होती आणि मला कुणाच्या काळजाची पर्वा नव्हती.

पण पाणी? घरात भरलेला रांजण आणि पोरीला पाजायला थेंब नाही. मी समोरच्या शेजारणीच्या दारात गेले. सकाळी जिच्या माहेराचा उद्धार केला होता तिच्यापुढं तांब्या धरला. तिनं एक शब्द विचारला नाही. पोहऱ्याच्या तळाचं होतं नव्हतं ते ओतलं. चिखलाचं पाणी, काडीकचरा तरंगणारं. म्हणाली, "लई घाण हाय गं, पर आजचंच हाय."

लुगड्याच्या चार घड्यांतनं गाळलं, पुन्हा गाळलं. चुलीवर ठेवलं. चूल फुंकली, डोळ्यांत राख गेली. उकळेना. बाई गं, पाणी उकळायला इतका वेळ लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आतून पोरीचं कण्हणं यायचं तेव्हा जीव जायचा, आणि थांबायचं तेव्हा त्याहून जास्त जायचा. उकळी फुटली, चांगली खळखळू दिली, मग निववायची घाई. दोन पातेल्यांत या हातातून त्या हातात ओतत बसले. हात भाजत होते आणि मी ओतत होते. आशाताईनं मनगटावर थेंब टाकून बघितला, म्हणाली, "घाला पुडी."

पहिला चमचा ओठाच्या कडेनं बाहेर आला. दुसराही. तिसरा आत गेला की नाही, कळेना. लेक म्हणाली, "गिळलं. आई, गिळलं." रंग तसाच गढूळ होता. त्या चिखलाच्या पाण्यावर मी आयुष्यात जेवढी माया केली तेवढी कशावर केली नाही.

डोंगर उतरताना पोरगी लेकीच्या कवेत, मी शेजारनं वाटी-चमचा घेऊन. चालायचं, थांबायचं, चमचा द्यायचा, पुन्हा चालायचं. मागं वळून बघितलं तर अक्का अंगणाच्या कडेला उभी. ये म्हटलं नाही मी. तीही आली नाही.

बीडच्या दवाखान्यात पोरीच्या हाताची शीर सापडेना. डोक्यावर सुई लावली, जावळ थोडं भादरून. मी बाहेर भिंतीला पाठ लावून बसले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आम्हाला फैलावर घेतलं. "सहा महिने आईच्या दुधाशिवाय एक थेंब द्यायचा नाही. गुटी नाही, मध नाही, पाणी नाही. किती वेळा सांगायचं?" मी मान खाली घालून ऐकलं. एरवी मला कुणी असं बोललं असतं तर मी सोडलं नसतं. मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "वाटेत पाजत आलात ते बरं केलंत." तेव्हा मात्र मला रडू फुटलं, चारचौघांत, अगदी हंबरडा.

पोरगी पुन्हा दूध ओढायला लागली, मग ओरडायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कानात बोटं घातली. मी म्हटलं, बोंबलू दे तिला, बाई, तुमच्या पाया पडते, बोंबलू दे.

परत वाडीत चढून आलो तेव्हा ऊन रणरणत होतं. अंगणात रांजण उपडा घातलेला. तळ वर आभाळाकडं. राखेनं आणि काथ्यानं इतका घासलेला की माती लाल निघाली होती. शेजारी अक्का, डोक्यावर पदर, उन्हातच बसलेली. शेजारणीनं मला नंतर सांगितलं. आम्ही डोंगर उतरलो तशी अक्कानं रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं काढलं आणि शेवग्याच्या बुडाशी ओतलं. अख्खी वाडी बघत होती. टँकर नाही, आणि ही बाई पाणी ओततेय. कुणी हात धरायला गेलं तर तिनं ढकलून दिलं. तळाचा गाळ ओंजळीनं काढला. जुनी जाळी, कोळसा, वाळू, सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं. आणि मग रिकाम्या रांजणाशेजारी बसली ती बसलीच. जेवली नाही.

लेक पोरीला घेऊन तिच्यापुढं उभी राहिली. अक्कानं वर बघितलं. हात पुढं केला नाही. "जगली?" एवढंच विचारलं. पोरीनं भोकाड पसरलं. अक्कानं पदर तोंडात कोंबला.

त्यानंतर तिनं पोरीला न्हाऊ घालणं सोडलं. मी म्हटलं, घ्या की पायावर, तर म्हणाली, "माज्या हाताला येश न्हाई." लेक रागावली, रडली, पोरीला मुद्दाम तिच्याजवळ ठेवून आत गेली. अक्का नुसती बघत बसायची, बोटही लावायची नाही. सहाण धुऊन वर फळीवर ठेवून दिली.

पण पाण्याचं काम तिनं कुणाला दिलं नाही. टँकर पुन्हा सुरू झाला. रोज सकाळी ती रांजण उपडा करायची. ते करताना डोळे मिटून घ्यायची, मी ओसरीतून बघायचे. मदतीला गेले तर खेकसायची. घासून झाला की आत वाकून तळ बघायची, चांगला वेळ. मग नवीन बी, नवीन पाणी, जाळी कधी बदलायची ते लेकीला विचारून. उकळायचं. उकळलेल्या पाण्याचा पहिला तांब्या नाकाशी धरायची आणि स्वतः प्यायची. मग थांबायची. दुपार झाली, आपल्याला काही झालं नाही असं बघितलं की मगच लेकीचा तांब्या भरायची. लेक म्हणायची, "मोठी आई, असं न्हाई करायचं, गरज न्हाई." ती ऐकायची नाही.

लेक सासरी निघाली त्या दिवशी जावई जीप घेऊन खाली रस्त्याला आले होते. पोरगी गुबगुबीत झाली होती, मूठ आता उघडायला लागली होती. मी ओटी भरली. अक्कानं एक गाठोडं आणून दिलं. आत शेवग्याच्या वाळल्या शेंगा, न फोडलेल्या, कारण फोडून ठेवलेलं बी शिळं होतं हे तिनं आता लक्षात ठेवलं होतं. वर घोसाळ्याच्या जाळ्या, एकात एक बसवलेल्या.

लेक पाया पडायला वाकली आणि वाकता वाकता तिनं पोरीला अक्काच्या मांडीवर ठेवून दिलं. अक्का दचकली. हात हवेतच. पोरीनं तिचं बोट पकडलं आणि सोडेना. ती त्या मुठीकडं बघत राहिली. मग तिनं दुसरा हात हळूच पोरीच्या टाळूवर ठेवला, चाचपून बघितलं आणि ठेवूनच दिला.

सासरी निघालेल्या लेकीला आमच्याकडं सांगतात, सांभाळून राहा, जेवत जा, फोन करत जा. ते सगळं मी सांगितलं. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा अक्कानं पोरीला परत लेकीच्या कवेत दिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "रोज तळ बघत जा, बाई."